हवामान आणि बासची मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी लोक तिथल्या तळ्यांवर आणि जलाशयांवर गळ टाकून बसू लागले, की पहिल्या हंगामातच त्यांना एक कोडे पडते. मागच्या शनिवारी ज्या ठिकाणी तासाभरात पाच मासे लागले, त्याच ठिकाणी आज दिवसभरात एकही का लागत नाही? बहुतेक वेळा याचे उत्तर हवामानात असते. मात्र ते आकाशापेक्षा पाण्यात शोधावे लागते. खालील उत्तरे हीच बाजू धरून लिहिली आहेत. अमेरिकेतील नौकांवरची उपकरणे फॅरनहाइटमध्ये तापमान दाखवतात, म्हणून येथेही तेच माप वापरले आहे.

बास म्हणजे नेमका कोणता मासा? आपला जिताडा तोच का?

नाही. जिताड्याला इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. परंतु जिताडा समुद्र, खाडी आणि नदी असा वावरणारा मासा असून त्याचे कुळच वेगळे आहे. येथे ज्याच्याविषयी लिहिले आहे तो लार्जमाउथ बास, म्हणजे रुंद जबड्याचा, हिरवट अंगाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला आहे. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास अधिक थंड, स्वच्छ आणि खडकाळ पाण्यात राहतो, आणि त्याचा उल्लेख आवश्यक तेथेच येईल.

हवामानाचा बासवर परिणाम कोणत्या मार्गाने होतो?

मुख्यतः चार मार्गांनी : पाण्याचे तापमान, पाण्यात शिरणारा प्रकाश, विरघळलेला प्राणवायू आणि पाण्याची हालचाल. बास हा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते आणि त्याचे पचन, भूक व चपळाई त्या तापमानावर चालते. गार पाण्यात त्याने गिळलेले भक्ष्य पचायला कित्येक दिवस लागू शकतात, त्यामुळे त्याला पुन्हा खाण्याची घाई नसते. कोमट पाण्यात तोच मासा दिवसातून अनेकदा शिकार करतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हवा एका रात्रीत तीस अंशांनी उतरू शकते, पण पाणी तसे उतरत नाही. खोल जलाशयाच्या मध्यभागी एका थंड रात्रीचा मागमूसही लागत नाही. गुडघाभर पाण्याच्या उथळ खाचेत मात्र तीच रात्र पाण्याचे तापमान चार-पाच अंशांनी खाली आणते. त्यामुळे हवामान बदलले, एवढ्यावर न थांबता ते कोणत्या पाण्यासाठी बदलले, हे विचारणे योग्य ठरते.

पाण्याचे तापमान किती असेल तेव्हा मासा चांगला लागतो?

ढोबळमानाने ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान लार्जमाउथ सर्वाधिक सक्रिय असतो. पन्नासच्या खाली तो मंदावतो, पण खाणे सोडत नाही. वसंत ऋतूत पाणी साठ अंशांच्या आसपास पोहोचले, की नर मासे उथळ, कठीण तळाच्या जागी शेपटीने माती उडवून वाटीसारखी घरटी करतात. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांची व पिल्लांची राखण करतो. या काळात अचानक थंडी पडून पाणी वेगाने गार झाले, तर नर घरटे सोडून खोल पाण्यात जाऊ शकतो आणि अंडी वाया जातात. फ्लोरिडात हा हंगाम भर हिवाळ्यातच सुरू होतो. मिनेसोटात तो मे-जून उजाडल्याशिवाय येत नाही.

मात्र आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. तीन दिवसांपूर्वी ५० असलेले आणि आज ५४ झालेले पाणी, आणि तीन दिवसांपूर्वी ६० असलेले व आज ५४ वर घसरलेले पाणी, ही दोन अगदी निराळी पाणी आहेत. पहिल्या पाण्यात मासे खोलातून काठाकडे सरकत असतात आणि भुकेलेले असतात. दुसऱ्यात ते मागे फिरलेले असतात. नवखा माणूस दोन्ही ठिकाणी ५४ हाच आकडा वाचतो आणि दोन्हीकडे सारखेच आमिष टाकतो.

‘शीत आघाडी’ म्हणजे काय आणि तिच्यानंतर मासे गप्प का बसतात?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ही कल्पना आधी नीट समजून घ्यावी लागते. आपल्याकडे हवा ऋतूंच्या चालीने बदलते. एकदा पाऊस लागला की लागला आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की आठवडे टिकतो. अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागात वसंतात आणि शरदात चित्र असे असते, की उत्तरेकडील थंड, कोरड्या हवेचा लोंढा दर काही दिवसांनी दक्षिणेच्या उबदार, दमट हवेत घुसतो. या दोन हवांच्या सीमेला शीत आघाडी म्हणतात.

आघाडी येण्याच्या आदल्या दिवशी वारा दक्षिणेकडून वाहतो, हवा उबदार आणि चिकट होते, मळभ दाटते आणि वायुदाब उतरत जातो. हे तास बासच्या मासेमारीत सोन्याचे मानले जातात. उथळ पाणी उबदार असते, ढगांमुळे उजेड मंद असतो, वाऱ्याने पाणी हलत असते आणि बास निवाऱ्यातून बाहेर पडून भक्ष्याचा पाठलाग करत असतो. अशा वेळी स्पिनरबेट, क्रँकबेट यांसारखी वेगाने ओढायची आमिषे वापरून भरपूर पाणी पिंजून काढावे.

आघाडी ओलांडून गेली, की वारा वायव्येचा होतो, आकाश काचेसारखे निळे होते, वायुदाब चढतो आणि सकाळी अंगात स्वेटर घालावा लागतो. सहलीसाठी यापेक्षा सुंदर दिवस नाही. गळासाठी मात्र यापेक्षा वाईट दिवस शोधून सापडणार नाही. उथळ पाणी गार झालेले असते आणि निरभ्र आकाशातून प्रकाश खोलवर शिरतो. मासा फार लांब जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. तो जवळच्याच गवताच्या बुंध्यात, बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत किंवा बोटींच्या धक्क्याखाली अंग चोरून बसतो. आदल्या दिवशी जो चार-पाच फुटांवरून आमिषावर झेप घेत होता, तो आज तोंडाशी आलेले आमिषही मनात आले तरच घेतो. म्हणून आमिष लहान करावे, रबरी अळी किंवा जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) थेट निवाऱ्यातच सोडावी, आणि सोडल्यावर न हलवता थांबावे. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही. पहाटे उठण्याचीही गरज नसते. उन्हाने खडक आणि उथळ पाणी थोडे तापल्यानंतर, दुपारी, शक्यता अधिक असते. साधारणतः दोन-तीन दिवसांत मासे पूर्वपदावर येतात.

सगळ्याच तळ्यांवर आघाडीचा परिणाम सारखाच होतो का?

नाही. फ्लोरिडातील ओकीचोबी सरोवर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा विस्तार सुमारे १,९०० चौरस किलोमीटर असला, तरी त्याची सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर आहे. एवढे पसरट आणि उथळ पाणी हवेच्या मागोमाग गार होते आणि वाऱ्याने गढूळही होते. शिवाय तिथला फ्लोरिडा बास, ज्याला आता शास्त्रज्ञ स्वतंत्र प्रजाती मानतात, त्याला थंडी उत्तरेकडील लार्जमाउथपेक्षा कमी सोसते. त्यामुळे जानेवारीत आघाडी येऊन गेल्यावर तेथे दांडगे अनुभवी लोकही रिकाम्या हाताने परततात. याउलट खोल जलाशयांत, वाहत्या नद्यांत आणि गढूळ पाण्यात हा धक्का सौम्य असतो. आघाडीनंतरच्या दिवशी सुट्टी मिळाली असेल, तर उथळ तळ्याऐवजी नदी गाठावी.

वायुदाबमापक पाहून मासेमारीला जावे का?

हा विषय वादाचा आहे. प्रचलित समजूत अशी, की बासच्या पोटातील वाताशयावर, म्हणजे हवेच्या पिशवीवर, वायुदाबातील बदलाचा परिणाम होऊन त्याला अस्वस्थ वाटते आणि म्हणून तो खात नाही. हिशेब करून पाहिल्यावर ही समजूत टिकत नाही. अमेरिकेत वायुदाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. आघाडीच्या आगेमागे तो, समजा, २९.६ इंचांवरून ३०.२ इंचांवर गेला, म्हणजे ०.६ इंचाचा फरक पडला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड असल्यामुळे हा फरक सुमारे २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढा भरतो, म्हणजे जवळपास एक वीत. जो मासा एका झेपेत तळापासून पृष्ठभागापर्यंत येतो, त्याला वीतभर वर-खाली झाल्याने पोटदुखी होईल, हे मानणे अवघड आहे. आणि झालीच, तर तो वीतभर वर सरकून ती दूर करू शकतो.

तरीही वायुदाबमापक निरुपयोगी ठरत नाही. उतरता दाब म्हणजे येऊ घातलेले ढग, वारा आणि पाऊस. चढता दाब म्हणजे निरभ्र आकाश आणि थंडी. दाब ही बदलाची खूण आहे, कारण नव्हे. ज्याला आकाश आणि वारा वाचता येतो, त्याला ते उपकरण नसले तरी चालते.

वारा असेल तर शांत काठ शोधावा का?

बहुतेकजण तेच करतात, आणि बहुतेकदा ते चुकते. वारा पृष्ठभागावरील पाणी आणि त्यातील सूक्ष्म जीव एका काठाकडे ढकलतो. त्यांच्यामागे शॅडसारखे लहान मासे जातात आणि त्यांच्यामागे बास. लाटांमुळे प्रकाश फुटतो, काठाची माती सुटून पाणी किंचित गढूळ होते आणि शिकाऱ्याला आडोसा मिळतो. म्हणून वारा ज्या काठावर आदळतो तोच काठ आधी पाहावा, विशेषतः तेथे खडक किंवा पुढे आलेले टोक असेल तर.

याला एक अपवाद आहे. वसंताच्या सुरुवातीला वारा उत्तरेचा आणि बोचरा असेल, तर उत्तरेकडील आडोशाच्या खाचा बऱ्या. त्यांना वारा लागत नाही आणि दक्षिणेकडून येणारे ऊन मात्र दिवसभर मिळते, त्यामुळे तेथील पाणी सर्वांत आधी तापते.

लहान नौकेतील माणसाने लाटांशी पैज लावू नये. २६ फुटांपेक्षा लहान मोटारबोटीत, इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालकाने वेगात असताना अंगाला अडकवणे १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्याने आवश्यक झाले आहे. अगदी कमी ताकदीची इंजिने तेवढी यातून वगळली आहेत.

पावसात मासा लागतो का?

लागतो, आणि या बाबतीत एक गोष्ट मासेमारांच्या तोंडी नेहमी असते. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी लेक या तळ्यावर जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा लार्जमाउथ पकडला. पावसामुळे शेत ओले होते, वाफसा नसल्यामुळे नांगर धरता येत नव्हता, म्हणून तो गळ घेऊन निघाला, असे सांगितले जाते. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले. ती जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली. पेरीच्या माशाला पावसाने खायला लावले की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. माणसाला मात्र पावसानेच तळ्यावर पाठवले.

पावसाचे प्रकार वेगळे करून पाहावेत. उन्हाळ्यातील रिमझिम चांगली : पाणी थोडे निवते, उजेड कमी होतो, थेंबांनी पृष्ठभाग विस्कटतो आणि नौकेची चाहूल माशाला लागत नाही. अशा वेळी पृष्ठभागावर चालणारी आमिषे भर दुपारीही चालतात. वसंतातील थंड पावसाची झड मात्र उथळ पाणी गार करते आणि आघाडीसारखाच परिणाम घडवते.

मुसळधार पावसानंतर ओढे आणि नाले जेथे जलाशयात येऊन मिळतात ती मुखे पाहावीत. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, परंतु कारण वेगळे आहे. चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध जातात. बास त्या मुखाशी वाहून येणाऱ्या गांडुळांसाठी, किड्यांसाठी, क्रेफिशसाठी (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) आणि त्यांच्यामागे आलेल्या लहान माशांसाठी दबा धरतो. पाणी फारच लाल झाले तर खाली धरणाच्या भिंतीकडे जावे, कारण गढूळपणा वरच्या टोकाकडून येतो आणि भिंतीजवळचे पाणी बऱ्याचदा कित्येक दिवस स्वच्छ राहते. गढूळ पाण्यातच बसायचे असेल, तर काळ्या किंवा गडद रंगाचे, खुळखुळणारे अथवा थरथरणारे आमिष घ्यावे. तेथे बास डोळ्यांपेक्षा अंगावरील पार्श्वरेषेने कंपने टिपून शिकार करतो.

पाण्याची पातळी चढत असेल तर मासे नव्याने बुडालेल्या झुडपांत शिरतात. उतरू लागली की ते लगेच बाहेर खोलाकडे सरकतात.

ढगाळ दिवस चांगला की उन्हाचा?

ढगाळ दिवशी बास हिंडतो, म्हणून आपणही हिंडावे. उन्हाच्या दिवशी तो सावलीत ठरलेल्या जागी बसतो, म्हणून नेमकी जागा हेरावी. उन्हात मासे कमी लागतात हे खरे, पण त्यांना शोधणे सोपे जाते.

भर उन्हाळ्यात पाणी ८५ अंशांच्या वर गेल्यावर काय करावे?

आधी प्राणवायूचे गणित समजून घ्यावे. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोठणबिंदूजवळ एका लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंश सेल्सिअसला (८६ फॅरनहाइट) सुमारे साडेसातच. त्यातच खोल तळ्यांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर उबदार, हलके पाणी. खाली थंड, जड पाणी. आणि मध्ये एक पातळ पट्टा, ज्यात तापमान झपाट्याने उतरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. हे थर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे सुपीक तळ्यांत खालच्या थरातील प्राणवायू कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातच संपून जातो. ‘उकाड्यात मासे तळाशी थंडाव्याला जातात’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. त्या पट्ट्याच्या खाली आमिष सोडणे म्हणजे रिकाम्या घराचे दार ठोठावणे होय. पहाट, संध्याकाळ आणि रात्र या वेळा धराव्यात; दिवसा दाट पाणवनस्पतींची सावली किंवा थर्मोक्लाइनच्या वरचा खोल उंचवटा पाहावा.

टेनेसी नदीवरील जलाशयांत एक मजेशीर साखळी दिसते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची गंटर्सव्हिल, पिकविक, चिकमॉगा अशी धरणे या नदीवर आहेत. उकाडा वाढला की घरोघरी वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, विजेची मागणी दुपारी चढते, धरणांची जनित्रे चालू होतात आणि जलाशयात प्रवाह वाहू लागतो. पाण्याखाली गेलेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेच्या पायऱ्यांसारख्या उतारांवर बासचे थवे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात आणि वाहत येणारे शॅड टिपतात. ज्या दुपारी अन्यत्र काहीही लागत नाही, त्याच दुपारी तेथे पाऊण तासात दिवसाची भरपाई होते. पाणी किती आणि केव्हा सुटणार, याचा अंदाज ही संस्था जाहीर करते. तो हवेच्या अंदाजाइतक्याच काळजीने वाचावा.

शरदात काही दिवस मासेमारी एकदम का बिघडते?

वरचे पाणी गार होत होत खालच्या पाण्याइतके जड झाले, की थर मोडतात आणि वारा संपूर्ण तळे ढवळून काढतो. तळातले प्राणवायूहीन पाणी वर येते, पाणी काळपट दिसते, क्वचित कुजकट वासही येतो. हे काही दिवस ते दोन आठवडे चालते आणि सर्व तळ्यांत एकाच वेळी होत नाही, म्हणून दुसरे तळे गाठणे हा सरळ उपाय आहे. त्यानंतरचा काळ उत्तम असतो : शॅडचे थवे जलाशयाच्या चिंचोळ्या फाट्यांच्या आतल्या टोकांकडे सरकतात आणि बास त्यांच्या पाठोपाठ जातो.

हिवाळ्यात बास लागतो का?

दक्षिणेकडील राज्यांत चांगला लागतो. पाणी ४५ अंशांच्या खाली उतरू लागले, की थ्रेडफिन शॅड हा थंडी न सोसणारा लहान मासा लडबडू लागतो आणि मरतो. बासला आयती मेजवानी मिळते. तेव्हा थबकत, झटके घेत बुडणारे आमिष मरत्या शॅडची हुबेहूब नक्कल करते. सलग तीन-चार उबदार दिवसांच्या शेवटच्या दुपारी काठाजवळचे खडक अवश्य पाहावेत. उत्तरेकडे बर्फाखालीही बास क्वचित लागतो, परंतु तेथील लोक बर्फात भोक पाडून बसतात ते मुख्यतः इतर माशांसाठी.

अमावास्या, पौर्णिमा आणि भरती-ओहोटी यांचा विचार करावा का?

खाडीकाठच्या माणसाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) पाहिल्याशिवाय गळ उचलवत नाही. तळ्यांत भरती-ओहोटी नसते, त्यामुळे तेथे तो हिशेब लागू पडत नाही. चंद्राच्या स्थितीवरून माशांच्या खाण्याच्या वेळा सांगणारी कोष्टके अमेरिकेत लोकप्रिय आहेत. जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये ती कल्पना मांडली. हवामान अनुकूल आणि सुट्टी हाताशी असताना केवळ कोष्टकासाठी घरी बसावे, असे मला वाटत नाही.

मात्र काही ठिकाणी बास खरोखरच भरतीच्या पाण्यात राहतो. वॉशिंग्टनजवळची पोटोमॅक नदी आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो–सॅन वाकीन नद्यांचा त्रिभुज प्रदेश ही त्याची उदाहरणे. तेथे ओहोटीचे पाणी उतरू लागले, की लहान मासे गवतातून बाहेर ढकलले जातात आणि बास गवताच्या कडेला व नाल्यांच्या तोंडाशी वाट पाहतो. तेथे कोकणातला अनुभव थेट उपयोगी पडतो.

मोबाइलवरील हवामान अंदाजात काय पाहावे?

उद्याचा अंदाज सगळेच पाहतात. मागच्या तीन दिवसांचे किमान तापमान, वाऱ्याची दिशा आणि पाऊस पाहावा. पाणी मागचे लक्षात ठेवते.

विजा चमकत असताना पाण्यावर थांबावे का?

थांबू नये. ग्रॅफाइटचा रॉड विद्युतवाहक असतो आणि उघड्या पाण्यावर नौकेतील माणूस हाच सर्वांत उंच बिंदू असतो. पहिला गडगडाट ऐकू येताच काठ गाठून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत बसावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. फ्लोरिडात उन्हाळ्यात वळिवासारखी वादळे जवळपास रोज दुपारी उठतात, म्हणून तेथे दुपारपर्यंत परतण्याच्या बेतानेच निघावे. हिवाळ्यात आणि वसंतारंभी धोका पाण्याचाच असतो : हवा उबदार असली तरी ५० अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच काम देईनासे होतात. जीवरक्षक जाकीट नौकेत ठेवून उपयोग नाही. ते अंगात हवे.

मासा परत सोडायचा असेल तर हवामानाचा काय विचार करावा?

बास पकडून सोडण्याची प्रथा अमेरिकेत रूढ आहे. कडक उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजीने मासा थकलेला असतो, म्हणून बळकट दोरी वापरून त्याला लवकर जवळ घ्यावे, ओल्या हाताने धरावे, छायाचित्र काही सेकंदांत आटपावे आणि लगेच सोडावे. नौकेतील टाकीत ठेवायचा असेल तर पाणी सतत खेळते ठेवावे. कडाक्याच्या थंडीत काळजी उलटी असते : गोठवणाऱ्या हवेत माशाचे ओले कल्ले आणि डोळे फार लवकर इजा पावतात, म्हणून अशा दिवशी त्याला पाण्याबाहेर काढूच नये, नौकेच्या कडेला, पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ सोडवावा.